गोडा धुवायचा आहे

तेलंगणातल्या आमच्या बोथमध्ये माझ्याइतकं झकास तेलुगू बोलणारी मराठी सून दुसरी नाही! हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची हकीकत वाचल्यावर तुम्ही ते काही केल्या कबूल करणार नाही. माझं माहेर वांकिडीकडचं, शाळा तेलुगू. मी भाजी तेलुगूत घेते, भांडण हिंदीत करते आणि माझ्या मैनाचे मुके मराठीत घेते. अशी हुशार बाई ज्या घरात आहे, त्या घरचा धंदा चालणार नाही म्हणजे काय!

धंदा होता धुण्याचा. कपडे नव्हे हो! गाड्या, ट्रॅक्टर, फरश्या, ओटे, टाक्या. पेट्रोलवर चालणारं प्रेशरचं मशीन आमच्या यांनी, म्हणजे अमृतरावांनी, थेट हैदराबादहून आणलं. एका म्हाताऱ्या ट्रॉली-ऑटोवर ते बसवलं, शेजारी पाण्याची टाकी ठेवली. बंदुकीसारखी नळी हातात धरायची, घोडा दाबायचा, की पाणी असं सुटायचं की ट्रॅक्टरच्या चाकावरचा मागच्या पोळ्यापासूनचा चिखल माफी मागत खाली यायचा! ऑटोच्या कपाळावर मी स्वतः पाटी लिहवून घेतली, वर मराठीत, खाली तेलुगूत : ‘मैना वॉशिंग’. मैना आमची लेक. तेव्हा नुकती बसायला लागली होती आणि बसल्या बसल्या कलंडायची.

मशीन आलं आणि घरात मला सवत आली! लग्नापासून ज्या माणसानं माझ्या कपाळावरचा घाम कधी पुसला नाही, तो माणूस त्या मशीनचं नोझल मैनाच्या मऊ दुपट्यानं पुसायला लागला. मी म्हटलं, “अहो, ते दुपटं लेकीचं आहे!”

“मशीन भी लेकीच्याच नावाचं हाय ना,” हे म्हणाले.

“आणि मी?”

“तू मॅनेजर!”

मॅनेजर म्हणजे फोन मी उचलायचा. यांचं तेलुगू ‘बागुन्नारा’, म्हणजे ‘बरे आहात ना’पाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. म्हणून गिऱ्हाइकाशी बोलणं, पत्ता विचारणं, काम ठरवणं हे सगळं माझ्याकडे.

आता माझ्या पोटात का दुखत होतं ते सांगते. माझ्या जाऊबाई, कुसुमबाई, निर्मलला राहतात. मोठे भाऊजी केशवराव यांचं तिथं टायरचं दुकान. घर भाड्याचं, पण ऐसपैस. पुढं व्हरांडा, मागं जांब. दोन हजार सोळाच्या त्या दसऱ्याला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे व्हायचे होते आणि त्यातला एक निघाला निर्मल! आम्ही राहिलो जिथल्या तिथं. तेच बोथ, तोच मंडल, म्हणजे तालुक्यासारखा तालुका. जाऊबाईंचा मात्र मुक्कामच एका फटक्यात जिल्ह्याच्या गावी गेला, तोही घरातली एक कढई न हलवता.

त्यांचा फोन रोज यायला लागला.

“लहाने, आमी आता जिल्ह्याचे बरं! तुमाले कलेक्टरकडं जाचं तर बसनं आदिलाबादले जा लागते. आमचा कलेक्टर सकाळी फिराले निघाला तर आमच्या दारावरूनच जाईन!”

“तुमच्याकडे चहाला थांबतील का हो, ताई?”

“थांबले तर काय नवल हाय!”

मी फोन ठेवायची आणि पोळपाटावरची भाकर अशी थापायची की माझ्या सासूबाई प्रयागबाई आतून विचारायच्या, “काय पडलं वो?”

पण खरी धास्ती वेगळीच होती. भाऊजींनी यांना बजावून ठेवलं होतं : “अमृत, दिवाळीपर्यंत तुझं मशीन चाललं तर चाललं. नाई तर मशीन विकून टाक आन माझ्या दुकानावर ये. सगळे आमच्याकडंच राहा. स्वयपाकघरामागची खोली हाय ना!”

ती खोली मी पाहिली होती. तिच्यात कांदे आणि जुने टायर राहत होते. जाऊबाई मायेनं म्हणाल्या होत्या, “कांदे हलवू ना आपण! टायर राहू दे, त्यावर मैना बसंल.” माझ्या डोळ्यांपुढं सगळं आयुष्य उभं राहिलं. सकाळी उठून जाऊबाईंनी दिलेल्या साखरेचा चहा करायचा, जाऊबाई म्हणतील ती भाजी चिरायची आणि जिल्ह्याच्या गावात टायरवर बसून पोर वाढवायचं! नाही! मशीन चाललंच पाहिजे!

माझा बेत पक्का होता. खंडे नवमी! त्या दिवशी गावात अशी गाडी नाही जी धुतली जात नाही. सायकलीपासून लॉरीपर्यंत सगळ्यांना आंघोळ, हळदकुंकू, झेंडूची माळ. मी म्हटलं, रांग लागेल! ऑटो चौकात उभा केला. यांनी नवा शर्ट घातला. मी मैनाला काजळ लावून कडेवर घेतलं.

आणि सगळं गाव गाड्या घेऊन नाल्यावर गेलं! आमच्याच समोरून गेलं. बाया बतकम्माच्या सणासाठी फुलं तोडायला निघाल्या होत्या, त्याही जाता जाता आमच्याकडे अशा बघत होत्या, जशी आम्ही लग्नाची वरात आहोत आणि नवरदेव पळून गेलाय. दुपारी एक ट्रकवाला थांबला. यांनी घाईघाईनं नळी उचलली. त्यानं आमच्या टाकीतून बाटली भरून घेतली, घोट घेतला, “पाणी गोड हाय,” म्हणाला आणि गेला.

घरी आलो तर जाऊबाईंचा फोन.

“लहाने, उद्या आमच्या गल्लीची मिरवणूक हाय जिल्ह्याची! ढोल, बँड आन सगळ्यात पुढं काय, वळख?”

“कलेक्टर?”

“घोडा! पांढराफटक घोडा! तुमच्या भाऊजीनंच ठरवला. तिकडलाच कोण्या बाबारावाचा हाय. सकाळी आमी टेम्पो घेऊन येऊन राह्यलो त्याले न्यायला. तुमच्याकडं काय हाय मंग उद्या?”

“आमच्याकडेही आहे.”

“काय हाय?”

“आहे!” असं म्हणून मी फोनच कापला. कारण काय आहे ते मलाही माहीत नव्हतं. माझ्या कानात मात्र तो पांढराफटक घोडा खिंकाळायला लागला होता. त्यांना जिल्हा! त्यांना घोडा! आणि मला कांद्याची खोली!

आणि नेमका त्याच क्षणी फोन वाजला.

आता लक्ष देऊन वाचा. तेलुगूत ‘गोडा’ म्हणजे भिंत. हे मला माहीत आहे. शाळेत पहिल्याच वर्षी ‘गोडा’ गिरवलंय मी! पण आमच्या इकडच्या मराठीत जिभेला ‘घ’चा कंटाळा आहे. घोड्याला बहुतेक माणसं गोडाच म्हणतात. एरवी मी कधी चुकले नसते. पण कानात घोडा बसला असेल तर त्या कानात भिंत शिरणार कुठून?

फोनवर लिंगन्ना होता. जवळच्या एका गावात नवा मंडल होणार होता, तिथल्या भाड्याच्या कचेरीतला अटेंडर, म्हणजे शिपाई. मी ऐटीत तेलुगूत “चेप्पंडी” म्हणजे “बोला” म्हटलं. त्यानं माझ्या ‘चेप्पंडी’वरूनच काय ते ओळखलं आणि आपल्या मोडक्या मराठीवर आला.

“अक्का, उद्या आमचा हापिस ओपनिंग. सायेब येनार. आमचा गोडा धुवाचा हाय.”

देवानं ऐकलं! “घोडा?”

“हां अक्का, गोडा. पांढरा हाय. पन लय गान झाला. लोकं येताजाता पान खाऊन त्याच्यावर थुकते.”

“अरे देवा! काय मेली माणसं ही!”

“आन पोस्टरं चिकटवले हाय त्याच्यावर. इलेक्शनपासून.”

“अंगावर?”

“पूर्ण अंगावर, अक्का. ते काढा लागते.”

मी मनात म्हटलं, प्रचारात फिरवला असेल बिचाऱ्याला. “बरं, तब्येतीनं कसा आहे?”

“तब्येत?” तो म्हणाला. “जुना हाय. एका बाजूनं थोडा वाकला हाय. पन पडत नाही.”

“गरीब आहे ना?”

“कोन?”

“गोडा!”

“गोरमेंटचा हाय अक्का. भाड्याचा,” तो म्हणाला. “फक्त लय जोरात मारू नका. खालून वल आली हाय, पोपडे निगते.”

खरूज! मी लगेच ओळखलं. “काही काळजी करू नका भाऊ. लेकरासारखा धुऊ!”

“थँक्यू अक्का,” लिंगन्ना म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी शंका होती, पण ती मी आनंद समजले.

यांना सांगितलं तर हे बघतच राहिले. “कोणता गोडा? हा?” म्हणून मशीनच्या बंदुकीचा घोडा दाखवला.

“खराखुरा! सरकारी! साहेबांच्या स्वागताचा!”

“अवो मैनाची माय, या पाण्यानं चाकाचा रंग निंगते. गोड्यावर मारलं तर गोडा निंगून जाईन!”

“नोझल बदला. फुलझाडाला घालतात तसं पाणी सोडा. पहिलंच काम आहे, नाही म्हणायचं नाही. कांदे आठवा!”

कांदे म्हटल्यावर हे उठून फुलझाडाचं नोझल शोधायला लागले. त्यांनाही ती खोली ठाऊक होती.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही सगळेच निघालो. हे ऑटो चालवायला, मी तेलुगू बोलायला, सासूबाई मैनाला धरायला आणि मैना पाटीवरच्या नावाची मालकीण म्हणून. कचेरीपाशी पोचलो तर माणूस नाही. लिंगन्ना हार आणायला गेला होता, असं चहाच्या टपरीवाल्यानं सांगितलं. पण समोर, लिंबाच्या झाडाला बांधलेलं, उभं होतं आमचं गिऱ्हाईक!

पांढरा घोडा! एक पाय मुडपून, थोडा वाकून उभा. फोनवर सांगितलं होतं अगदी तसा! मागच्या मांडीवर तांबूस डाग. मी म्हटलं, “बघा, हे पानाचे डाग!” अंगावर पोस्टरं नव्हती. लिंगन्नानं आधीच काढली असतील, माणूस चांगला दिसतो. पापण्या तर अशा लांबसडक, की मला त्या घोड्याचाही हेवा वाटला! मैना झाल्यापासून झोप नाही, माझे डोळे म्हणजे दोन बटणं. आणि हा मेला, बाहेर उभा राहून असा दिसतो!

घोड्याच्या मागं कचेरीची लांबच लांब भिंत होती. नुसत्या पानाच्या पिचकाऱ्या, फाटकी पोस्टरं, खाली ओल, पोपडे, एका बाजूला झुकलेली. मी सासूबाईंना म्हटलंसुद्धा, “बघा ना, इतक्या चांगल्या जनावराला किती घाणेरड्या भिंतीपाशी बांधलंय!”

यांनी मशीन सुरू केलं. घोड्यानं कान टवकारले. फुलझाडाचं नोझल, हलका फवारा. घोड्याला बरं वाटलं असावं. त्यानं डोळे मिटले आणि एक लांब सुस्कारा सोडला. माझ्या यांनी हळूहळू मानेपासून सुरुवात केली. पाणी खाली आलं. दुधासारखं.

“अहो,” मी म्हटलं, “हे पांढरं काय जातंय?”

“मळ.”

“मळ पांढरा असतो?”

“सरकारी हाय. असंल.”

पुढचा फेरा मारला. मानेखाली तांबूस. पाठीवर तांबूस. पोटावर अगदी भाजलेल्या विटेसारखा! जमिनीवर चुन्याच्या निवळीचा ओहोळ वाहायला लागला. सासूबाई मैनाला छातीशी धरून किंचाळल्या, “अवो अमृता! गोडा सोलला तुनं!”

मैना मात्र टाळ्या पिटत होती. मैनाच्या जन्मापासून एवढी करमणूक तिची कोणीच केली नव्हती.

आता थांबावं तर घोडा अर्धा तांबडा, अर्धा पांढरा! असा अर्धवट माल गिऱ्हाइकाला कसा द्यायचा? मॅनेजर या नात्यानं मी हुकूम सोडला, “पूर्ण करा!” आणि हातासरशी शेपटीपर्यंत पूर्ण झाला. आमच्या कामात कसर नसते.

तेवढ्यात टपरीमागून एक फेटेवाला हातात चहाचा ग्लास घेऊन आला. हाच तो जाऊबाईंचा बाबाराव. त्यानं झाडाकडे पाहिलं. मग झाडाच्या मागं पाहिलं. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

“अवो बाई, इथं माझा पांढरा गोडा होता. कोनं सोडला?”

“हाच ना तो?”

“हा नाई वो! माझा पांढरा हाय. हा कोणाचा लाल्या हाय?”

लाल्यानं मान वळवली आणि बाबारावाच्या खांद्यावर प्रेमानं तोंड घासलं. बाबारावाच्या हातातला ग्लास पडला.

“काऊन धुतला?” तो कुजबुजला. “काऊन धुतला बाई? रातभर बसून चुना आन तांदळाचं पीठ लावलं होतं त्याले! पांढऱ्याले मागणी हाय, तांबड्याले कोण इचारते?”

“पण लिंगन्नांनीच सांगितलं, गोडा धुवा म्हणून!”

आणि लिंगन्ना आलाच. हातात झेंडूची टोपली. त्यानं भिंतीकडे पाहिलं. जशीच्या तशी घाण. घोड्याकडे पाहिलं. लखलखीत. माझ्याकडे पाहिलं.

“अक्का! गोडा धुवाला सांगितला, तर गोडा कायको धुतला?”

“गोडाच धुतला ना!”

“इदि गुर्रम, अक्का! गुर्रम!” तो घोड्याकडे हात करून ओरडला. मग भिंतीकडे धावला आणि तिच्यावर दोन्ही हातांनी थापट्या मारायला लागला. “गोडा इदि! गोडा! गोडा!”

गुर्रम. तेलुगूत घोड्याला गुर्रम म्हणतात. हेसुद्धा मला माहीत होतं हो!

आमच्या यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पण हे नुसतं म्हणाले, “चल, आता भिंत धुऊ.” फुलझाडाचं नोझल काढलं, मोठं लावलं, भिंतीवर नेम धरला आणि घोडा दाबला. नळीतून दोन थेंब आले. टाकी रिकामी! सगळं पाणी लाल्याच्या अंगावर गेलं होतं.

आणि देवाला एवढ्यानंही समाधान झालं नाही. रस्त्यावर टेम्पो येऊन थांबला. आतून भाऊजी उतरले आणि त्यांच्या मागोमाग, जरीची साडी, नाकात नथ, जिल्ह्याच्या जाऊबाई!

“कुठं हाय आमचा पांढराफटक?”

घोड्यानं अंग झाडलं. जाऊबाईंच्या जरीवर तुषार उडाले.

सगळा प्रकार कळल्यावर भाऊजींनी कपाळाला हात लावला. बाबाराव म्हणत होता, भाडं पांढऱ्याचं ठरलं आहे. लिंगन्ना म्हणत होता, साहेब निघाले आहेत. सासूबाई म्हणत होत्या, पोरीला भूक लागली. या सगळ्या गोंधळात जाऊबाईंनी काय केलं असेल? माझ्या पिशवीत हात घातला, मैनाच्या पावडरचा डबा काढला आणि घोड्याच्या पाठीवर उपडा केला! चोळू लागल्या! घोडा शिंकला. असा शिंकला की पांढरा ढग उठला आणि तो ढग विरला तेव्हा जाऊबाई पांढऱ्याफटक झाल्या होत्या, घोडा तांबडाच होता.

मी हसले नाही. शप्पथ, हसले नाही! मैना हसली. मी फक्त तिला धरून थरथरत होते.

शेवटी घोड्यावर झूल टाकली आणि टेम्पोत चढवला. लिंगन्नानं भिंतीवर शामियान्याचा पडदा बांधला. जाता जाता भाऊजी यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अमृता, झालं ना आता? दिवाळी झाली की सामान बांधा.”

आणि जाऊबाई, पापण्यांवर पावडर घेऊन, टेम्पोतून वाकून मला म्हणाल्या, “मी कांदे हलवून ठेवते.”

घरी आल्यावर हे मशीनपाशी बसले. दुपटं हातात होतं, पण पुसत नव्हते. मला वाटलं, यांनी मला चार शब्द बोलावेत. हे म्हणाले, “विकाले काढतो. तुले तिकडं करमणार नाई, मले माहीत हाय. पण काय करू?” आणि त्या मशीनचा मला पहिल्यांदाच हेवा वाटला नाही. दया आली. मैना रांगायच्या बेतात होती, तिनं नळीला धरून उठायचा प्रयत्न केला आणि कलंडली. दोघांनीही एकदम हात पुढं केले.

बरेच दिवस फोन वाजला नाही. वाजला की जाऊबाईच असायच्या. पत्र्याचे किती डबे आणणार, हे विचारायला.

मग एका सकाळी दारात एक धोतरवाला उभा. सुधाकरराव, कापसाचा शेतकरी. मी दार अर्धंच उघडलं.

“त्या दिवशी गोड्याचा रंग काढला ते तुमीच का?”

मी म्हटलं, झालं! हा बाबारावाचा मावसभाऊ असणार. “चूक झाली हो काका. भाषेचा घोटाळा झाला.”

“चूक कायची? मी टपरीवर बसून पाहून राह्यलो होतो. पहिल्यांदा कोणीतरी व्यापाऱ्याचं जनावर खरं करून दाखवलं!” ते ओट्यावर टेकले. “उद्या बैलबाजारात मले जोडी घ्याची हाय. मागच्या खेपेला एका दलालानं डोक्यावर चांद असलेला बैल देल्ला. पहिल्या पावसात चांद नांगराच्या तासात वाहून गेला! उद्या तुमी मशीन घेऊन या. आदी धुवाचं, मंग घ्याचं.”

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “बैलच ना काका? बैल म्हणजे शिंगवाला, चार पायांचा? भिंत नव्हे ना? नीट सांगा.”

“बाई, भिंत घेऊन मी वखरू कशी?”

बैलबाजारात आमचा ऑटो शिरला तेव्हा दलालांच्या तोंडचं पळालेलं पाणी आमच्या टाकीत आलं असतं तर टाकी भरली असती! पहिल्याच जोडीपाशी दलाल आडवा आला.

“सर्दी होईन बैलाले!”

“गरम पाणी आणू का?” मी विचारलं.

“बैल भितो मशीनले!”

“बैल भितो का तू भितो?” सुधाकरराव म्हणाले आणि भोवतीची माणसं खो खो हसली.

फुलझाडाचं नोझल. हलका फवारा. काळाभोर बैल हळूहळू राखाडी झाला, गुडघ्याचा व्रण दिसायला लागला आणि शिंगांवरचं तेल-काजळ गेल्यावर तो सुधाकररावांच्या वडिलांच्या वयाचा दिसायला लागला. बाजारात आरडाओरडा! मग काय! “आमच्या जोडीवर मारा!” “आदी इकडं!” गिऱ्हाईक म्हणायचं, धुवून दाखवा. जो दलाल नाही म्हणेल त्याच्याकडे कोणी फिरकेना. मग जे खरे होते तेच आपली जनावरं घेऊन स्वतःहून आमच्यापुढं उभे राहिले. “धुवा बाई, आन लोकाईले वरडून सांगा!” मी सांगितलं. मराठीत, तेलुगूत, हिंदीत सांगितलं! “खरा रंग! असली रंग! निजमैन रंगु!” तीन भाषांत माझा आवाज बसला. संध्याकाळी एका म्हातारीनं लुगड्याच्या पदराखाली कोंबडा आणला, “याचा तुरा खरा हाय का पाहाना.” तोही पाहिला. खरा होता.

दिवाळीच्या आत बाजारकरांनी आम्हाला दर बाजाराला यायला सांगितलं. घरी आल्यावर यांनी दुपट्यानं माझ्या कपाळावरचा घाम पुसला. मशीनचं वंगण माझ्या कपाळाला लागलं, पण मी तसंच राहू दिलं.

आता फक्त एक काम उरलं होतं. जाऊबाईंना फोन! मी बोलायचं सगळं घोकून ठेवलं. ‘ताई, कांदे होते तिथंच राहू द्या.’ हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं. ओठ किती मुडपायचे तेही ठरवलं. मैनाला कडेवर घेतलं, गळा साफ केला आणि फोन लावला.

“ताई, मी बोलते. ते कांदे...”

तिकडून हुंदका आला.

“लहाने! घरमालकानं घर खाली करा सांगतलं वो! जिल्हा झाल्यापासून भाडे किती वाढले! एका नव्या कचेरीले देल्लं त्यानं आमचं घर. दुकानाची जागा भी त्याचीच. व्हरांड्यात आता टेबल लावून राह्यले. माझ्या जांबाखाली लोकं फायली घेऊन उभे!”

जाऊबाईंच्या दारावरून जाणारा जिल्हा शेवटी त्यांच्या घरातच शिरला होता!

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी आरशासमोर घोकलेलं वाक्य बोलवतं का? माझ्या तोंडून भलतंच निघून गेलं. “ताई, रडू नका. इकडे या. आमच्याकडे मागची खोली आहे.”

“त्यात काय ठेवता तुमी?”

“रात्री मशीन. पण हलवू ना आपण!”

तर आता भाऊजी बैलबाजारात माणसांची रांग लावतात आणि दलालांशी वाद घालतात, त्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. हे आणि मशीन अंगणात झोपतात. जाऊबाईंनी दिलेल्या साखरेचा चहा मी पिते, जाऊबाई म्हणतील ती भाजी चिरते. जावेच्या घरी राहायला जायचं टळलं, असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते अगदी खरं आहे.

आणि पोर लहान असताना एवढं लांबलचक लिहायला वेळ कुठून मिळाला, असं कोणी विचारलंच तर सांगते : मैना जाऊबाईंच्या मांडीवर झोपली आहे. माझ्या मांडीवर ती इतक्या लवकर कधीच झोपत नाही, हे मात्र त्यांना कळू देऊ नका!